तिसरी चिप

ऑस्मोने बूट दाराशी काढले, लोकरी मोज्यांनी आत आला
आणि पाव गुंडाळावा तसं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं
ग्राफिक्स कार्ड टेबलावर ठेवलं.
केमीतली जानेवारी. दुपारचे दोन, दिवे लागलेले.
"दिसतं," म्हणाला, "पण धड दिसत नाही."
एवढं बोलून कॉफीकडे वळला.

राइलीने आधी नाकाने तपासलं.
जळका वास नाही. भुसा आहे. पाइनचा, चाळीस वर्षांचा,
खाचेत ठाण मांडून बसलेला.
गिरणी विकली, पाडली, तिथे आता टायर मिळतात;
भुशाला हे कोणी कळवलेलं नाही.

पडदा हळूहळू उजळला,
आणि जिथे काहीच असायला नको तिथे डॉलर.
नावाच्या आधी डॉलर, नावानंतर डॉलर,
तळाच्या मोकळ्या ओळींत नुसते डॉलरच डॉलर.
बुडालेल्या गिरणीच्या पगारपत्रकावर एवढी श्रीमंती!
राइलीला हसू आलं. ऑस्मोला नाही.

केबल बदलली. डॉलर.
मॉनिटर बदलला. डॉलर.
कार्डाचे सोनेरी दात खोडरबराने घासले,
स्पिरिटने पुसले, पुन्हा बसवले. डॉलर.
व्होल्ट मोजले: पाचाला पाच, बाराला बारा,
त्यांची काही तक्रार नव्हती.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेली बाई
खरखरीवर चिडत नाही.
खरखरीला काही शिस्त आहे का, एवढंच बघते.

मग ती वाचायला लागली. मजकूर नाही, चुका.
ए चा ई झालाय. आय चा एम.
एल मात्र एल. डी सुद्धा डीच.
तीनाचा सात, शून्याचा चार, चाराला धक्का नाही.
पाकिटाच्या पाठीवर तिने एक-शून्यांची घरं आखली,
उजवीकडून मोजत गेली,
आणि तिसऱ्या घराशी पेन्सिल थांबली.
ज्यांचं ते घर आधीच भरलेलं, ती अक्षरं शाबूत;
ज्यांचं रिकामं, तिथे कुणीतरी
न विचारता एक ठेवून जातंय.
रिकाम्या जागेलाही सोडलं नाही. म्हणून डॉलर.

आठ चिपा, एका रांगेत, शाळेतल्या पोरांसारख्या.
बोट फिरवलं. कोमट, कोमट,
हाय!
बोट तोंडात घालून म्हणाली, "सापडली."

तेवढ्यात ऑस्मो बोलला. त्याच्या मानाने हे भाषणच:
"शेवटच्या हिवाळ्यात असंच दिसायचं.
ऐला पगार करायची. तिच्या खांद्यावरून आम्ही बघायचो,
बत्तीसशे मार्कांच्या जागी सात हजार सहाशे चव्वेचाळीस.
टोप्या उडवायचो.
पाकिटात बत्तीसशेच.
छापून यायचं ते बरोबर; खोटं बोलायचा तो पडदा.
तिचं स्वतःचं नावही तिथे एम्ले यायचं.
सगळी गिरणी तिला एम्ले म्हणायला लागली.
गेल्या उन्हाळ्यात टोर्निओच्या बाजारात दिसली.
ऐला म्हणून हाक मारली, वळली नाही."

राइलीने एक चांगली चिप घेतली,
आजारी चिपेच्या पाठुंगळीला बसवली,
पायाला पाय लावून, नुसती दाबून धरली.
हे नेहमी चालतंच असं नाही.
आज चाललं.
डॉलर एकदम गेले, जणू कुणी टेबल झटकलं,
आणि काळ्यावर चार स्वच्छ अक्षरं: ऐला.

ऑस्मो बघत राहिला.
"ही कोण?" म्हणाला,
आणि मग स्वतःच कपात बघायला लागला.

जुनी उपटून नवी डकवायला संध्याकाळ झाली,
म्हणजे घड्याळात झाली; बाहेर फरक नव्हता.
पैसे देताना त्याने मेलेली चिप मागून घेतली,
काड्यापेटीत ठेवली, पेटी खिशात.
यादी वर सरकवून पाहिली,
तर सरकताना पडद्यावर मुंग्या भिरभिरल्या, विझल्या.
"हे राहिलं," तो म्हणाला.

"तो बिघाड नाही," राइली म्हणाली.
"मशीन लिहायला जातं, पडदा वाचायला जातो,
दोघांचा हात एकाच वेळी एकाच डब्यात.
नवं होतं तेव्हाही असंच करायचं."

"मग राहू दे," ऑस्मो म्हणाला,
आणि बूट घालायला वाकला.